पाटे की बलून

मालकिणीनं नवी गाडी ब्रॉडीला दिली, त्या दिवसापासून हेक्टरच्या पोटात निखारा पेटला होता. उभी हयात त्यानं ऑस्ट्रेलियातल्या बर्ड्सव्हिलच्या दगडाळ रस्त्यानं ट्रकमधून तिची गुरं वाहिली, कंबरेचा खुळखुळा करून घेतला, आणि कोरी गाडी कुणाला, तर काल आलेल्या पोराला. त्याला गिअर टाकायला शिकवलं तेही हेक्टरनंच. वर मालकिणीचं फर्मान, "रस्ता तुझ्या पायाखालचा आहे. तूवूम्बाच्या कारखान्यात त्याच्यासोबत जा आणि मागचं सस्पेन्शन तू निवडून दे." म्हणजे सवतीला हळद लावायलाही आपणच जायचं.

कारखान्यात गाडीचा पुढचा भाग तयार होता, मागं नुसता सांगाडा. फिटर कॉस्टा खिमा पॅटिस खात म्हणाला, "बोला. पोलादी पाटे की हवेचे बलून?"

हेक्टरला उत्तर झोपेतही आलं असतं. बलून म्हणजे डांबरी रस्त्यावरचा पाळणा. पण तिकडचा धारदार दगड एकदा उडून लागला की बलून फुटला, गाडीचं ढुंगण टेकलं, आणि मागं जोडलेल्या तीन डब्यांतली गुरं उन्हात भाजून निघाली. पाटे हाडं खिळखिळी करतात, पण घरी आणतात.

"बलून," तो म्हणाला. "तरणा गडी आहे, कशाला कंबर मोडून घ्यायची?"

कॉस्टाचा घास हातातच राहिला. "लेका, तुझ्या गाडीला तर पाटेच आहेत."

"माझी गाडी जुनी, मीही जुना."

"उस्ताद म्हणतात ना, मग बलूनच," ब्रॉडी म्हणाला. पोरगं वाद घालेल असं हेक्टरला वाटलं होतं. मुकाट्यानं ऐकलं याचाच त्याला जास्त राग आला. बस म्हणावं मग भर उन्हात बोंबलत.

दुसऱ्या दिवशी कॉस्टानं बलूनचे ब्रॅकेट चढवायला घेतले, आणि पुढं पेंटर बॉनेटवर नाव रंगवू लागला. त्या मुलखात बिननावाची गाडी रस्त्यावर येत नाही. कुणी बायकोचं लिहितो, कुणी कुत्र्याचं. हेक्टर सहज पुढं गेला. अक्षरं ओली होती: थोरला हेक्टर.

"हे काय?"

ब्रॉडी कान खाजवत म्हणाला, "दुसरं सुचलंच नाही, उस्ताद. गाडी तुम्हीच शिकवलीत. चालेल ना?"

हेक्टरला भरून यायला हवं होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढं आधी आला तो गाडीतला बोलायचा रेडिओ. अर्ध्या क्वीन्सलँडचे ड्रायव्हर खिदळत एकमेकांना सांगतायत, ऐकलं का, थोरला हेक्टर भर रस्त्यात बसला, गुरांसकट. मग मात्र त्याला पोराकडं बघवेना.

तो मागं गेला. "कॉस्टा, काढ ते. पाटे बसव."

"आता? काल तर तूच म्हणालास."

"काल मी जळत होतो."

ब्रॉडी मागंच उभा होता. त्यानं ऐकलं, हे हेक्टरला कळलं.

"आजही जळतोय," तो म्हणाला. "पण पाटे बसव."