नाहीची चौकट

मी चौकट बोलतेय. दार नव्हे. दाराचं काय, कुणी ढकललं की उघडलं, वारा आला की आपटलं. मी मात्र बसवली तिथे उभी असते. येणारा-जाणारा माझ्यातूनच जातो, पण मला कुणी बघत नाही. सगळे कडीकडे बघतात.

कायदे करणाऱ्यांच्या सभागृहात, सभापतींच्या डाव्या हाताला माझी जागा होती. उजव्या हाताला माझी बहीण. आम्ही दोघी एकाच तुळईच्या. जुनं धान्याचं कोठार पाडलं, त्याची तुळई सुताराने मधोमध कापली. अर्धी ती, अर्धी मी. सुताराने रंधा मारला, त्याच्या बायकोने दोन दिवस तेल चोळलं. तिने आम्हाला पोरींसारखं चोळलं, हे मी अजून विसरले नाही. त्यानंतर तसा हात लागला तो एकदाच. त्याचंच सांगायचं आहे.

आधी आमचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

सभागृहात मत घ्यायचं तर पहिल्यांदा तोंडी घेतात. सभापती विचारतात, होय म्हणणारे कोण? ते ओरडतात. नाही म्हणणारे कोण? ते ओरडतात. ज्यांचा गलका मोठा, ते जिंकले. पण एखाद्याने उठून 'मोजा' म्हटलं की मोजावंच लागतं. मग घंटा वाजते. सगळ्यांनी बूड उचलायचं. होय असेल त्याने बहिणीतून पलीकडच्या खोलीत जायचं, नाही असेल त्याने माझ्यातून. घंटा थांबली की शिपाई दारं लावतो, आणि जो ज्या खोलीत सापडेल ते त्याचं मत. तोंडाने काय बोललात, छाती किती बडवलीत, त्याला किंमत नाही. पाय कुठे गेले तेवढं मोजायचं.

मग लढाई लागली. लढाईत नाही म्हणणं म्हणजे देशाचं वाईट चिंतणं, असं ठरलं. कुणी ठरवलं ते मला दिसलं नाही, पण ठरलं खरं. सगळं तोंडी व्हायला लागलं. माझ्या पलीकडची खोली रिकामी पडली म्हणून तिथे चहाची टेबलं मांडली. हळूहळू बिस्किटं आली, आरामखुर्च्या आल्या. त्या खोलीतल्या घंटेने अर्थमंत्र्यांचं डोकं दुखायचं, म्हणून तिला हात पुसायचा रुमाल गुंडाळून टाकला. माझ्यातून वर्दळ भरपूर होती, पण सगळी चहाला. कुणाचा खांदा घासला, कुणी माझ्यावर काडी ओढून विडी पेटवली. पहिल्यांदा राग यायचा. मग राग येईनासा झाला. मग काहीच येईनासं झालं.

त्या वेळी सभागृहात एक बाई होती. आधीची सुईण. तिला सगळे सुईणबाईच म्हणायचे, तोंडावर आदराने आणि पाठीमागे नाक उडवून. निवडून कशी आली, असं एकाने विचारलं तर म्हणाली, मतदार मीच जगात आणलेत, ओळख वेगळी काय करून द्यायची. चार यत्ता शिकलेली. बोलायला उठली की कारखानदार घड्याळ बघायचे.

तिला दोन मुलगे. थोरला लढाईवरून परत आला होता. दोन्ही पाय शाबूत, पण गारठ्याने मेलेले. त्याला पायातलं काही कळत नव्हतं. शेगडीजवळ बसला आणि पाय भाजला तर वासावरून कळायचं. हे तिने एकदा चहाच्या टेबलावर सांगितलं. ऐकणाऱ्याने बिस्किट खाली ठेवलं, थोड्या वेळाने उचललं. धाकटा पावाच्या भट्टीवर कामाला होता. लढाईला आणखी एक वर्ष पैसा पुरवणारा कर मंजूर झाला की नवी भरती निघणार होती, आणि या खेपेला त्याच्या वयाची पोरं घेणार होते. म्हणजे बाकीच्यांना तो कर होता. तिला तो धाकटा होता.

कर कशावर बसवायचा, यावर चर्चा चालली. किती चालली म्हणून विचारू नका. जमीनवाले उठले आणि म्हणाले, जमिनीवर बसवाल तर पिकवणारा मरेल. पिकवणारा दुसराच होता, हे फक्त घेणारे, पण सूट त्याच्या नावाने मागितली. कारखानदार उठले, म्हणाले कापडावर नको, बुटांवर तर मुळीच नको, कारण फौजेचे बूट आणि कापड आपणच पुरवतो, आपण बुडालो तर फौज उघडी पडेल. घरभाडी खाणारे म्हणाले, घरांवर नको. एकाने ब्रह्मचाऱ्यांवर बसवा म्हणून सुचवलं. मागच्या बाकावरचा एक म्हातारा ब्रह्मचारी म्हणाला, मी आधीच वाचलोय, वर दंड कशाला. तेवढं एकदा सगळे हसले.

शेवटी मीठ, साबण, दिव्याचं तेल आणि काड्यापेटी यांवर येऊन गाडी थांबली. मिठाचा सभागृहात कुणी काका-मामा नव्हता. दिव्याच्या तेलाच्या बाजूने कुणी उठलं नाही. सुईणबाई उठली, तिने विचारलं की बाळंतपण अंधारात करायचं का. तिला सांगण्यात आलं की हा मुद्दा विषयाला धरून नाही. ती बसली.

झालं, ठरलं. आता तोंडी होय म्हणायचं आणि घरी जायचं. पण एका वकील सदस्याला बोलायचं होतं, आणि तो बोलायला लागला की लोकांना तहान लागते. एकेक जण उठून माझ्यातून चहाला गेला. अर्थमंत्रीही गेले. कर त्यांचा, पण भाषण दुसऱ्याचं. सभागृहात उरले ते डुलक्या घेणारे आणि पुढच्या बाकावरचे, जे उठले तर सभापतींना दिसतात.

सुईणबाई जागेवरच होती. ती मान वळवून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, हिलाही चहा हवाय. पण सुईणीला वेळ कळते. घाई करून भागत नाही आणि उशीर करूनही नाही, हे तिच्या हातात होतं.

वकील बसला. सभापतींनी विचारलं. होय, होय झालं. नाही म्हणणारे? ती उठली आणि म्हणाली, "मोजा."

सभापतींनी चष्मा पुसला. घंटा सुरू झाली. सभागृहातले बहिणीकडे निघाले. सुईणबाई एकटी माझ्याकडे आली. उंबऱ्यावर क्षणभर थांबली, माझ्या बाहीला, म्हणजे बाजूच्या उभ्या लाकडाला, हात लावला आणि आत गेली. किती वर्षांनी कुणीतरी माझ्यातून नाही म्हणायला गेलं होतं. मला काही वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आत गप्पा रंगलेल्या. रुमालात घंटा थडथड करत होती, माशी अडकल्यासारखी. कुणाचं लक्ष गेलं नाही. अर्थमंत्र्यांनी बाईंना खुर्ची दिली. भला माणूस, बाईमाणसाला उभं ठेवत नसे. तिने कप घेतला, बशीत चहा ओतला आणि सावकाश प्यायली. बशी जराही हलली नाही. घंटा थांबली. शिपायाने दार लावलं आणि तो मोजायला लागला.

अर्थमंत्री म्हणाले, "काय रे, कप मोजतोस?"

शिपाई म्हणाला, "माणसं, साहेब. मत चाललंय. आपण सगळे 'नाही'त आहात."

एकाने तोंडातला घोट मोठ्याने गिळला.

होय कमी भरले, नाही जास्त. अर्थमंत्र्यांनी स्वतःचाच कर पाडला होता. दाराआडून सभापतींचा आवाज आला तो थोडा बारीक होता. सुईणबाईने बशी खाली ठेवली आणि डोळे मिटले. तेवढा वेळ तिचा धाकटा घरचा होता.

पण मोठ्यांच्या चुकीला नियम असतो. सभापतींनी पुस्तक काढलं, पानं उलटली, आणि सापडलं. चुकून भलत्या खोलीत गेलेल्यांना परत फिरता येईल. दुसरी घंटा होईल, ती थांबेपर्यंत त्यांनी आल्या वाटेने बाहेर पडून योग्य दारातून जावं. शिपायाने दार उघडलं. घंटा सुरू झाली.

सगळे उठले, आणि बघतात तर सुईणबाई माझ्यात उभी. दोन्ही हात पसरून दोन्ही बाह्या धरलेल्या. तिचे तळवे घट्ट होते, खरखरीत होते, आणि गरम होते. सुताराच्या बायकोनंतर पहिल्यांदा मला माणसाचा हात कळला.

पुढे आलेले थबकले. बाईला हात कोण लावणार, आणि वर गॅलरीत वार्ताहर बसलेले. एकाने म्हटलं, बाई, थट्टा पुरे. एकाने म्हटलं, हे शोभत नाही. तिने पकड आणखी आवळली. घंटा संपेपर्यंत उभं राहायचं होतं, एवढंच.

अर्थमंत्री पुढे झाले. ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, की पोरं गारठ्यात उभी आहेत, त्यांच्या पायात बूट नाहीत, आणि हा पैसा बुटांसाठीच आहे. तुम्ही आई आहात, तुम्हाला काय सांगायचं.

"माझ्या पोराला बूट मिळाले होते, साहेब," ती म्हणाली. "मागच्या करातून. तळ पुठ्ठ्याचा होता. पावसात त्याचा लगदा झाला."

कारखानदारांनी कपातली साखर ढवळायला घेतली. साखर केव्हाच विरघळली होती.

घंटा चालूच होती. मला वाटलं, जमलं. तेव्हा मागून मास्तर आले. हे मास्तर म्हणजे खरोखरचे शाळामास्तर होते, सभागृहातल्या कितीतरी जणांच्या हातावर त्यांनी छड्या मारल्या होत्या. त्यांना सगळ्यांनी वाट दिली. त्यांचा एकुलता एक नातू पहिल्याच वर्षी लढाईत गेला होता. बाईनेच त्याची नाळ कापली होती.

मास्तर तिच्या समोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, हात काढा."

"तुम्ही म्हणताय, मास्तर? तुमचा तर गेला."

"गेला, म्हणूनच म्हणतोय. आता नाही म्हटलं तर तो उगाच गेला असं होईल. तेवढं मला सोसायचं नाही."

ते रागाने बोलले नाहीत. वर्गात बेरीज सांगावी तसं बोलले. त्यांचा चेहरा बघून मला माझाच आठवला. म्हणजे मला चेहरा नाही, पण असता तर तसा असता. ज्याला आता काही लागत नाही, असा.

सुईणबाईने त्यांच्याकडे बघितलं. जिभेला हाड नाही असं ज्यांच्याबद्दल बोलतात, त्यातली ती. पण बोलली नाही. तिला म्हणता आलं असतं, तुमचा उगाच गेला म्हणून माझाही उगाच जाऊ दे का. ते तिच्या ओठांवर होतं, तिच्या बोटांत मला जाणवलं. पण नातवाची नाळ कापलेल्या हातांनी आजोबाला हे कसं सांगायचं? तिने आधी डावा हात काढला. मग उजवा. मग बाजूला झाली.

एकेक जण माझ्यातून परत गेला. काहींच्या हातात कप होते. मास्तर सगळ्यांत शेवटी गेले, उंबऱ्याला पाय अडखळला, तर तिनेच त्यांचं कोपर धरलं.

घंटा थांबली. शिपाई आत आला. रिकाम्या टेबलांमध्ये ती बसली होती. त्याने नियमाप्रमाणे तिच्याकडे बोट करून मोजलं आणि बाहेर जाऊन सांगितलं: नाही, एक.

मीठ महाग झालं. भरती निघाली. धाकटा गेला. जायच्या दिवशी ती सभागृहात नव्हती. दुसऱ्या दिवशी होती. अर्थमंत्र्यांनी विचारपूस केली. ती म्हणाली, चहा थंड होतोय तुमचा.

पुढच्या बैठकीत ठरलं की दारांची ही पद्धत जुनाट आहे, वेळ खाते आणि गैरसमज होतात. यापुढे फक्त तोंडी. बहिणीला ठेवलं, कारण तिच्यातून बाहेरच्या जिन्याकडे जाता येतं. मला पहारीने उचकटलं आणि जागेवर विटा रचल्या. उचकटताना माझी डावी बाही तडकली. दुखलं का, तर नाही.

आता मी तळघरात आहे, मोडक्या खुर्च्यांना टेकून. वर सभागृह भरतं तेव्हा आवाज खाली येतो. लढाई चालू आहे. होय, होय असा गलका होतो, धूळ पडते. मग सभापती विचारतात, नाही म्हणणारे? आणि एक आवाज येतो. एकटा, जाड, घशातून. "नाही." दर वेळी येतो. तिच्या धाकट्याचं काय झालं ते मला माहीत नाही. तळघरात कुणी सांगायला येत नाही. आवाजावरून मी ओळखायचा प्रयत्न करते, पण तो पहिल्यापासून तसाच आहे. त्यानंतर कारकून मोठ्याने वाचतो: सर्वानुमते मंजूर.

तोंडी मतात एक आवाज धरत नाहीत. गलक्यात बसत नाही म्हणे. माझ्यातून गेली असती तर 'एक' लिहावं लागलं असतं.

म्हणून माझं मागणं आहे. तेल नको, रंग नको, तडकलेली बाही तशीच राहू दे. मला पुन्हा कुठेतरी उभी करा. रांग लागेल असं मी म्हणत नाही. तिच्या एकटीपुरती जागा करा.