सोमवारचं वजन

"वासूभाऊ, यादी द्या ना. गाडी केव्हाची तयार आहे," ड्रायव्हर मिथुन दारातून म्हणाला.

वासुदेवने मान वर केली नाही. डहाणूच्या त्या छोट्या संस्थेत यादी त्याच्या संगणकातून निघे. पाड्यांवरच्या सेविका दर सोमवारी मोबाइलवर पोरांची वजनं भरत आणि वासुदेवने नऊ वर्षांपूर्वी लिहिलेलं वेब ॲप्लिकेशन वजन घसरलेल्या पोरांची नावं काढी; गाडी त्यांना दवाखान्यात नेई. ते ज्या फ्रेमवर्कच्या तयार सांगाड्यावर उभं होतं, त्याची जुनी आवृत्ती आज सोमवारी बारा वाजता सर्व्हरवरून हटणार होती. नव्या आवृत्तीवर ॲप चाललं नाही तर यादी नाही, आणि यादी नाही तर गाडी कुठे जाणार? अकरा वाजून गेले होते.

दोन वर्षांपूर्वी त्याने सगळं एका झटक्यात बदलायचा शहाणपणा केला होता. तीन दिवस ॲप बंद पडलं. त्याच तीन दिवसांत उधव्याच्या जानीताईची नात, धाकली, यादीत आलीच नाही. गाडी गेली नाही. पोर गेली. त्याला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. जुनं चालू ठेवून वासुदेव शेजारी नवं चाचपू लागला. जिथे नव्या आवृत्तीची हरकत तिथे इशारा येई. रोज चहाआधी तो एक-दोन मिटवी. तेराशे इशाऱ्यांतला एकच उरला होता. तो त्याने भीतीपोटी मागे ठेवला होता.

गेलेल्या पोराची नोंद सेविका 'मृत' बटण दाबून बंद करत नसत, वजनात शून्य भरत. जुनं ॲप ते चालवून घेई. नवं मात्र एक शून्य दिसलं तरी अख्खी यादी रोखून धरी. बाकीच्या सेविकांनी, वासुदेवने समजावल्यावर, नोंदी बंद केल्या. जानी सेविका होती, नातीच्या नावापुढे तिचं शून्य दर सोमवारी येतच होतं. ते बटण वासुदेवलाही दाबता आलं असतं, पण तो धजेना.

त्याने फोन लावला.

"जानीताई, धाकलीची नोंद बंद करायला लागेल. नाहीतर बाकीच्या पोरांची यादी अडते."

पलीकडे कुणाचं तरी पोर रडत होतं.

"नाव पुसल काय तिचा?"

"नाही. नाव राहील."

मग पडद्यावरचा शेवटचा इशारा गेला.

"दाबला," ती म्हणाली. "आता दर सोमवारी मी तिचा काय भरू?"

वासुदेवने तोंडावर हात दाबून धरला.

"भाऊ, हाव ना फोनवर? ही रडते ती पोर काट्यावर हाय, हात मोकला नाय, तं तुम्हीच लिवा. रोशनी. सात किलो दोनशे."

त्याने नव्या आवृत्तीत लिहिलं.