शिझुएसान बोलल्या

“आज तुम्ही बोलू नका, शिझुएसान.” सभागृहाच्या दाराशीच महापौर मिझोगुचींनी तिला गाठलं. “दवाखान्यातला प्रसूती विभाग बंद करायचा ठराव माझा आहे. तो पडला तर मीही पडले. मग या शहरात पुन्हा कुठल्या बाईला त्या खुर्चीवर बसवतील?”

शिझुए कुवाबारा मान खाली घालून आत गेली.

नगरसेवक असलेला नवरा वारल्यावर पक्षाने त्याच्या जागी तिला उभं केलं होतं. तोफूचं दुकान सांभाळून ती सभेला यायची आणि सांगितलं की हात वर करायची. एकदाच बोलायला उठली, तर सभेतला म्हातारा सदस्य ओनोदेरा ओरडला, “बाई, दुकानात काही करपत नाही ना?” सगळे हसले. ती बसली ती बसलीच.

पुढे मिझोगुची महापौर झाल्या. पहिल्याच सभेत ओनोदेराने त्यांनाही टोमणा मारला. त्यांनी भाषण थांबवलं. “पुन्हा बोला. इतिवृत्तात तुमच्या नावावर यायला हवं.” ओनोदेरा खाली बसला. तेव्हापासून शिझुए बोलायला लागली. सभेतल्या बाकीच्या दोघीही.

आज ठराव मांडला गेला.  शिझुए उठली.

“माझ्या सुनेला कळा लागल्या तेव्हा दवाखाना हाकेवर होता. तरी पोर कसंबसं हाती लागलं. डॉक्टर मिळत नाहीत, मान्य. पण अडलेल्या बाईला घाट ओलांडून न्यायचं म्हणजे…”

“वा! आता बाईच बाईला पाडणार!” ओनोदेराने टाळी वाजवली. दवाखान्याशी त्याला काही सोयरसुतक नव्हतं. हशा पिकला. शिझुए मध्येच थांबली. तिने महापौरांकडे पाहिलं.

मिझोगुचींचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या उठल्या.

“अध्यक्ष, सदस्या बोलतायत. त्यांचं पुरं होऊ द्या.”

शिझुए शेवटपर्यंत बोलली.

ठराव पडला. सभा सुटल्यावर सगळे ओनोदेराभोवती गोळा झाले. लिफ्ट भरली आणि महापौरांच्या तोंडावर दार बंद झालं. त्या जिन्याने उतरू लागल्या. शिझुए चार पायऱ्या मागे राहून चालत होती. 

वळणावर मिझोगुची थांबल्या. मागे वळून पाहिलं नाही त्यांनी, फक्त कठड्याकडे सरकल्या आणि शेजारची जागा मोकळी सोडून तशाच उभ्या राहिल्या.