कुलपाचेच कौतुक झालेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लिहायची पेटी आहे. माझा आवाज चिडका वाटला तर समजून घ्या. इतकी वर्षे गप्प बसून माझा जीव मेटाकुटीला आला आहे.

अमेरिकेतल्या हिंगम गावच्या सुताराने मला चेरीच्या लाकडातून घडवले. दौतीला खण, पिसांच्या लेखण्यांना खण आणि तळाशी एक चोरकप्पा. गावचे जोसाया थॅक्स्टर यांना नव्या अमेरिकन सरकारने डेन्मार्कला राजदूत म्हणून धाडले, तेव्हा मीही समुद्र ओलांडला. सोबत त्यांची पत्नी मेहिटेबलबाई आणि चार वर्षांची लेक पेशन्स होती.

कोपनहेगनमध्ये साहेबांनी दोन वर्षे दरबाराचे उंबरे झिजवले. तिथले लोक त्यांना तासन्‌तास ताटकळत ठेवत आणि तुमचा देश अजून आहे ना, असे हसत विचारत. साहेब घरी येऊन माझ्यावर मूठ आपटत आणि पुन्हा अर्ज लिहायला बसत. दुसऱ्या हिवाळ्यात पेशन्स तापाने गेली. तरी ते दोघे परतले नाहीत.

अखेर एका शनिवारी दुपारी व्यापाराचा करार झाला. ही बातमी नेण्यासाठी सेलम बंदराच्या जहाजाचे कप्तान पिकमन घरी येऊन बसले होते. अशा पत्राच्या तीन प्रती करत, म्हणजे एक जहाज बुडाले तरी दुसरी प्रत पोचते. साहेब भराभर लिहीत होते. तिन्ही प्रती झाल्या, फक्त सह्या आणि लाखेचे शिक्के उरले, आणि सूर्य मावळला.

हिंगमच्या माणसांचा विश्रामदिन शनिवारी सूर्यास्तालाच सुरू होतो. मग रविवारच्या सूर्यास्तापर्यंत कामाला हात लावायचा नाही. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिले, लेखणी पुसली आणि कागद माझ्यात ठेवले.

"साहेब, पहाटेचा वारा मी सोडणार नाही," कप्तान म्हणाले. "तो गेला की बसा महिनाभर ढगांकडे बघत."

"अहो, सही करायला कितीसा वेळ लागतो?" बाई म्हणाल्या. "देव काय तेवढ्यावरून रागावणार आहे?"

"देवाचं मला ठाऊक नाही. मी स्वतःवर रागावेन," साहेब म्हणाले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

जहाज पत्राविना गेले. पुढचे पाच आठवड्यांनी मिळाले. तोवर पॅरिसमधले आपलेच राजदूत लेम्युएल गेज यांनी कुणाच्या तरी जेवणावळीत ही बातमी ऐकली आणि करार आपल्या खटपटीने झाला असे सरकारला लिहून टाकले. त्यांचे पत्र आधी पोचले. साहेबांच्या दोन प्रती मागून गेल्या, त्या कुणी धड वाचल्याही नाहीत. मला तर दातओठ खाण्यापलीकडे काही करता येईना.

पुढे राष्ट्राध्यक्षपदासाठी साहेबांचे नाव निघाले. विरोधक विचारू लागले, थॅक्स्टर डेन्मार्कात करत काय होते, लोणी खात होते? गेज यांच्या पत्राआधीची तारीख असलेली तिसरी प्रत माझ्या चोरकप्प्यात होती. बाईंनी ती काढायला सांगितली. पण पदासाठी उमेदवाराने स्वतः तोंड उघडायचे नाही, ही तेव्हाची रीत, आणि साहेब रीतीचे पक्के. ते हरले.

त्या दिवशी बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "तुम्ही हरलात त्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "पण आपली लेक तिथे ठेवून आले मी. कशासाठी, ते एकदा तरी कुणीतरी मोठ्यानं बोलावं."

साहेबांनी किल्ली खिशात घातली. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता.

आता दोघेही नाहीत. मी गावच्या प्रार्थनाघरात आहे. दर आठवड्याला मला तेल लावतात आणि मुलांना माझे कुलूप दाखवतात: हे बघा, विश्रामदिनी राज्याच्या कामासाठीही उघडले नाही. मुले कुलपाला हात लावून जातात. आत कसर कागद खाते आहे.

त्या कागदाची शेवटची ओळ मला पाठ आहे. "या कराराच्या श्रेयावर माझ्याइतकाच माझी पत्नी मेहिटेबल हिचाही हक्क आहे, तो सरकारने जाहीरपणे मान्य करावा." बाईंना ती ओळ कुणी कधी दाखवलीच नाही.

मित्रांनो, मला तेल नको. मला उघडा.