टेबलावरचा अर्धा दगड

नेत्रसिंग मिलम्वाल निवृत्त झाले तेव्हा कचेरीतून दोन वस्तू घरी घेऊन आले. एक शाल, जी सगळ्यांनाच देतात. आणि एक अर्धा दगड, जो मुळात त्यांचाच होता. सहा वर्षं दगड कपाटात पडून राहिला. चौसष्टाव्या वर्षी तो खांद्यावरच्या पिशवीत घालून ते मुनस्यारीहून मिलमला, ओस पडलेल्या आपल्या मूळ गावी, पायी निघाले. दगडांनीच भरलेल्या दरीत आणखी एक दगड वाहून नेणारा माणूस म्हणून वाटेवर त्यांचं नाव व्हायला वेळ लागला नाही.

बरोबर थोरली बहीण बसंती होती. तिला बोलावलं नव्हतं. ती खेचरावर बसून आली.

"भुला, गुडघे दुखतात का रे?" लीलमच्या चढावर तिनं वरून विचारलं. धाकट्या भावाला ती अजून भुलाच म्हणे.

"नाही."

"दुखू देत. चांगलं असतं."

हयात नावाचा खेचरवाला हसला, आणि नेत्रसिंगांनी आपलं हसणं पाहिलंय हे कळल्यावर खेचराला उगाच शिवी देऊन मोकळा झाला.

याच वाटेनं त्यांचे वडील दर उन्हाळ्यात मेंढ्यांच्या पाठीवर धान्य लादून वर जात, आणि सरहद्दीच्या खिंडीपलीकडून मीठ नि लोकर घेऊन उतरत. पलीकडे प्रत्येक घराचा एक ठरलेला मित्र असे. मैत्री जोडताना एक दगड फोडायचा, अर्धा याच्याकडे, अर्धा त्याच्याकडे. पुढं मुलगा येवो की नातू, दोन्ही तुकडे जुळले की माणूस आपला. कागद नाही, शिक्का नाही. मैत्री तोडायची झाली तरी भांडायचं नाही. आपला तुकडा मित्राच्या चुलीजवळ ठेवायचा आणि निघून जायचं.

मिलम्वालांच्या मित्राच्या मुलाचं नाव छेवांग. लहानपणी तीन उन्हाळे तो आणि नेत्रसिंग एकाच कांबळ्याखाली झोपले होते. छेवांग घोरायचा.

बुगडियारला दुसऱ्या दिवशी, नदीकाठच्या दुकानात मिठाचा चहा पिताना नेत्रसिंगांनी बहिणीला ते सांगितलं, जे चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बासष्टची लढाई होऊन वर्ष झालं होतं. खिंड बंद. ते बावीस वर्षांचे, कचेरीत नवे कारकून, अजून कायम व्हायचे होते. एका दुपारी छेवांग दारात उभा राहिला. पायांत एकच बूट धड होता. त्याला काही नको होतं. फक्त इथं राहण्याच्या अर्जावर कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं, की या माणसाला मी ओळखतो.

"मग?"

"साहेब समोर बसले होते. पलीकडच्या माणसाशी ओळख म्हणजे तेव्हा..."

"मग, भुला?"

"त्यानं आपला दगड टेबलावर ठेवला. मी म्हटलं, आमचा हरवला. जुळवल्याशिवाय कसं ओळखणार? रीत आहे."

"आणि आपला कुठं होता?"

"टेबलावरच, कागद दाबायला. मी त्याच्यावर फाईल ठेवली."

बसंतीनं चहा संपवला. पेला उपडा ठेवला. "रीत पाळलीस म्हणायची," ती म्हणाली, आणि रिलकोटच्या मुक्कामापर्यंत तिनं खेचर पुढंच ठेवलं. टोमण्यांशिवाय ती वाट फारच लांब निघाली.

गेल्या हिवाळ्यात एका म्हाताऱ्या मेंढपाळानं नेत्रसिंगांना सहज सांगितलं होतं, की लढाईनंतरच्या सालात एक परका माणूस एकटाच मिलमकडे गेला होता, एका पायाला चिंध्या बांधून. तेव्हापासून त्यांना झोप लागत नव्हती. छेवांग मिलमच्या घरी चुलीपाशी दगड ठेवून गेला असेल, तर सगळं तिथंच संपलं होतं. नसेल ठेवला, तर तो कुठंतरी अजून त्यांना मित्र समजत होता. जिवंत असो वा नसो. एवढंच बघायचं होतं. चुलीपाशी काही सापडू नये म्हणून माणूस तीन दिवस चालतो, हे हयातला समजावणं अवघड होतं, म्हणून त्यांनी देवीचा नवस सांगितला.

चौथ्या दिवशी सकाळी मिलमच्या चौकीवर दाक्षिणात्य तोंडवळ्याच्या एका पोरसवदा शिपायानं ओळखपत्र मागितलं. ते मुनस्यारीत दुसऱ्या कोटात राहिलं होतं.

"हे माझंच गाव आहे," नेत्रसिंग म्हणाले.

"असेल. तुम्हाला ओळखणारं आहे का इथं कुणी?"

नेत्रसिंगांनी शिपायाच्या खांद्यावरून पाहिलं. मागं शेकडो घरं उभी होती, बिनछपराची.

"मी ओळखते," खेचरावरून बसंती म्हणाली. "लिहून देऊ? याला मी पुरता ओळखते."

शिपायानं वही पुढं केली. तिनं लिहून दिलं. चार ओळी लागायच्या तिथं तिनं एकच लिहिली, पण लिहिली.

घराच्या तीन भिंती उरल्या होत्या. आत कमरेइतकी, डंख करणाऱ्या बिच्छू गवताची झाडी. नेत्रसिंग हातांनीच ती बाजूला करत गेले. हात सुजले. चुलीच्या मागच्या कोनाड्यात, काजळीवर, लोकरीच्या दोऱ्यानं बांधलेला दगड होता. शेजारी मिठाचा खडा असावा. त्याचा आता नुसता पांढरा डाग होता. रिकाम्या हातानं मित्राच्या घरी कसं जायचं, म्हणून.

ते उकिडवे बसले. मग दोरा सोडला, पिशवीतून आपला तुकडा काढला आणि दोन्ही एकमेकांना लावले.

जुळेनात. फिरवून लावले. उलटे लावले.

मग त्यांना आठवलं. बढतीनंतर टेबलावर काच बसवली होती, आणि दगडाच्या फुटक्या कडेनं काचेवर चरे पडत होते. कचेरीतल्या शिपायाकडून त्यांनी ती कड घासून गुळगुळीत करून घेतली होती. काम चांगलं झालं म्हणून त्याला चहाही पाजला होता.

छेवांगच्या तुकड्याची कड जशीच्या तशी होती. प्रत्येक दात शाबूत.

"काय रे," भिंतीपलीकडून बसंतीनं विचारलं, "आहे?"

"आहे."

"तोच आहे ना? जुळवून बघितलास?"

नेत्रसिंगांनी दोन्ही दगड कोनाड्यात शेजारी शेजारी ठेवले, बोटभर अंतर सोडून.

"त्याचा तोच आहे," ते म्हणाले. "माझा नाही."