गुरुवारचा हात

लकवा झाल्यापासून दादाचा उजवा हात दिवसातून एकच काम आपणहून करायचा. सकाळी आंघोळ झाली की दादा काठी टेकत खिडकीजवळच्या टेबलापाशी जायचा आणि जुन्या कॉम्प्युटरचं बटण उजव्या हाताच्या बोटानं दाबायचा. मग डाव्या हातानं माऊस धरून पत्त्यांचा डाव मांडून बसायचा. बटण घरात दुसऱ्या कुणी दाबायचं नाही, असा नियम होता. तो घातला होता व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या जयसिंगनं. "बाबूजी, यही आपकी कसरत है," असं तो म्हणायचा, आणि दादा ते मनावर घ्यायचा.

जानेवारीत मी सीपरी बाजारात त्याच्या घरी गेले, तेव्हा कॉम्प्युटर बंद होता आणि दादाचा उजवा हात शालीच्या आत होता. जयसिंगला त्यानं यायला नको म्हणून सांगितलं होतं.

"का रे?"

"हात... पुन्हा जातोय," दादा म्हणाला. शब्द त्याला एकेक करून काढावे लागत. "आता... कशाला."

वहिनींनी बाकीचं सांगितलं. दादानं बटण दाबलं की दिवा लागायचा, आतला पंखा जरा फिरायचा आणि सगळं बंद पडायचं. इलाइट चौराह्यावरच्या दुकानात दुपारी कॉम्प्युटरचा डबा नेऊन दाखवला. तिथे तो व्यवस्थित चालला. दुकानदार म्हणाला, "अम्माजी, मशीन में कोई खराबी नहीं। बाबूजी बटन दबाकर छोड़ते नहीं होंगे।"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बटण दाबून धरलं की कॉम्प्युटर बंद होतो, तशीच त्याची रचना असते. दादाचं बोट ताठरलं की सुटायला वेळ लागतो, हेही खरं. चाळीस वर्षं इंटर कॉलेजात फिजिक्स शिकवूनही माझ्या मनात दुसरं काही आलं नाही. दादानं तर दुकानदाराचं बोलणं म्हणजे डॉक्टरांचा रिपोर्टच मानला होता.

"रोज होतं का असं?" मी विचारलं.

"नाही. गुरुवारी." तो थोडा थांबला. "गुरुवारी... हात जातो."

"हाताला वार कळत नाही, दादा."

त्यावर वहिनी एकदम उठल्या आणि चौक्यात गेल्या. भाजी चिरून झालेली होती, तरी त्यांनी विळी पुन्हा काढली. मी मागोमाग गेले.

"वन्सं, एक सांगू? त्यांना नाही ना सांगायच्या?"

"नाही सांगणार."

"पहिल्यांदा ते बंद पडलं ना, तेव्हा यांचं तोंड बघवेना हो. म्हणून दुसऱ्या दिवसापासून हे उठायच्या आधी मीच लावून बघते. माझ्या हातूनही पडतंच बंद. चार-पाचदा दाबलं की टिकतं. थोडा वेळ चालू ठेवते आणि बंद करून येते. मग यांनी दाबलं की एका दमात लागतं. एवढे खूश होतात!"

"तुमच्या हातूनही बंद पडतं?"

"मग! मला कुठे येतं ते?"

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी मी दत्ताच्या काकडआरतीला जाते ना."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. एकाच डब्यापुढे दोघं हरत होती. एकानं आपल्या हाताला दोष दिला होता, दुसरीनं आपल्या अडाणीपणाला. डब्याला कुणीच बोल लावला नव्हता.

"वहिनी, तुमच्याही हातून बंद पडतं एवढं जरी त्याला सांगितलं असतं—"

"कसं सांगू? रोज सकाळी ज्यानं खूश होतात, ते मी केलेलं आहे म्हणून सांगू?"

मी त्यांना एवढंच म्हटलं, की या गुरुवारी तुम्ही नेहमीसारख्या आरतीला जा.

गुरुवारी धुकं होतं. माझ्या घरून, लक्ष्मी गेटहून, येईपर्यंत माझा स्कार्फ ओला झाला. वहिनी देवळात गेल्या होत्या. भिंतीवरचा खटका रात्रभर बंद होता, म्हणजे डबा हवा तसा गार होता. मी कॅबिनेट उघडलं, पॉवर सप्लाय बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि दादाची खुर्ची जवळ ओढली.

"पत्ते?" त्यानं विचारलं.

"आज प्रॅक्टिकल आहे. बस आणि बघ."

भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरला लागेल तेवढी देणं, हे पॉवर सप्लायच्या या लहान पत्र्याच्या डब्याचं काम. बटण त्याला फक्त 'चालू हो' म्हणून कळवतं. तेच काम त्याच्या जाड प्लगमधली हिरवी आणि काळी वायर जोडली तरी होतं. मी तारेचा एक तुकडा वाकवून घेतला. डब्यावर थोडा भार हवा, म्हणून जुना सीडी ड्राइव्ह जोडला, आणि मल्टिमीटर पिवळ्या वायरीला लावून दादासमोर धरला.

"इथे बारा दिसायला हवेत. आता बघ, बटण नाही. कुणाचं बोटही नाही. नुसती तार."

तार लावली. पंखा जरासा फिरला. आकडा नऊपर्यंत चढला, तिथून घसरला आणि शून्य झाला.

दादा मीटरकडे बघत राहिला.

"परत," तो म्हणाला.

परत तेच झालं. तोवर त्याचा उजवा हात शालीतून बाहेर आला होता आणि एक बोट मीटरच्या काचेवर टेकलं होतं. ते त्याच्या लक्षात आलेलं दिसलं नाही.

"आत कपॅसिटर असतात," मी म्हटलं. "वर्षानुवर्षं वापरून ते आतून सुकतात. मग गारठ्यात ते काम करत नाहीत, ऊब मिळाली की जरा सुधारतात. दुकानात दुपारी डबा चालला, तो त्यामुळेच."

मी प्लग काढला, दादाची शेकायची रबरी पिशवी गरम पाण्यानं भरली, नीट पुसून टॉवेलात गुंडाळली आणि डब्यावर ठेवली. तेवढ्यात वहिनी प्रसाद घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"अगं बाई! आता यालाही शेकायचं?"

"माझी... पिशवी आहे ती," दादा म्हणाला.

"एवढे दिवस खांद्याला लावा म्हटलं की नको असते. आता बरी आठवली!"

वहिनींनी चहा केला, पोहे केले. ते होईपर्यंत पत्रा हाताला चांगला उबदार लागू लागला. मी पिशवी उचलली, प्लग लावला, पुन्हा तार जोडली. पंख्यानं एकदा आचका दिला आणि तो फिरतच राहिला.

"बारा," दादानं मोठ्यानं वाचलं.

वहिनींनी सवयीनं डब्याला नमस्कार केला. दादा मात्र अजून त्या बाराकडेच बघत होता. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात त्याची सारी नोकरी गेली होती. एक गाडी थांबली ती कुठल्या दुसऱ्या गाडीमुळे, हे बसल्या जागी हुडकायचं त्याचं काम. त्याच्या कपाळावर तीच जुनी आठी मला दिसली.

"मग... बाकीचे दिवस," तो म्हणाला. "गरम... कुणी केला?"

मी मीटरच्या वायरी गुंडाळायला घेतल्या. वहिनींच्या हातात रिकाम्या कपबशा होत्या. त्या ना आत गेल्या, ना त्यांनी त्या खाली ठेवल्या.

"रोज?" दादानं विचारलं.

"गुरुवार सोडून," वहिनी म्हणाल्या.

त्यानं त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"फरशी... गार असते पहाटे. चपला... घालत जा."

"चपला घातल्या असत्या तर तुम्हाला ऐकू आलं नसतं का?" वहिनी रागावून म्हणाल्या, आणि कपबशा टेबलावर टेकवून त्यांनी पदरानं डोळे पुसले.

दादा हसला. आजारानंतर त्याचं हसू ओठांच्या एकाच बाजूला उमटायचं. तेवढंही मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

"जयसिंगला... फोन लाव," तो म्हणाला.

"मी नाही लावायची. तुम्ही हाकललंत, तुम्हीच बोलवा." वहिनींनी नंबर लावला आणि फोन मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूला धरला. त्याची बोटं सावकाश फोनभोवती आली. वहिनींनी आपला हात लगेच सोडला नाही.

पलीकडून "हाँ बाबूजी?" ऐकू आलं.

"जयसिंग," दादा म्हणाला, "कल से... आना।" मग थोडं थांबून, पुढचा शब्द नीट जुळवून, "और सुनो... हाथ ठीक है।"