मी काट्यावर चढणार नाही

मंगळवारी पीटीच्या सरांनी पाण्याच्या टाकीशेजारच्या भिंतीवर एक तक्ता लावला. नववीच्या अडतीस मुलांची नावं, नावापुढे वजन आणि वजनापुढे रंगीत टिकली. हिरवी म्हणजे शाबास, पिवळी म्हणजे सांभाळा आणि लाल म्हणजे तोंडावर ताबा नाही. हे शेवटचं सर स्वतःच्या तोंडाने म्हणाले, सगळ्यांसमोर.

लाल टिकल्या सहा. त्यात सगळ्यात वर भाजीवाल्याची मुलगी, एकसष्ट किलो. तिला सगळे ढब्बू म्हणायचे. हे नाव शाळेने ठेवलेलं नव्हतं. जन्मली तेव्हा तिचे गाल बघून बापानेच ठेवलं होतं, लाडाने. पण त्या दिवसापासून तेच नाव वर्गात वेगळ्या सुरात ऐकू यायला लागलं.

सर म्हणाले, "लालवाल्यांनी मधल्या सुट्टीत आधी मैदानाला पाच फेऱ्या मारायच्या. मग वेळ उरला तर डबा." आणि ढब्बूच्या शेजारी बसणाऱ्या पोरीकडे बोट दाखवलं. "हिला बघा जरा. कशी चवळीची शेंग!"

त्या चवळीच्या शेंगेला वर्गात काडी म्हणत. काडीचं वजन पस्तीस किलो. टिकली हिरवीगार. सरांच्या तक्त्यात जास्तीला रंग होता, कमीला नव्हता.

काडी काय खाते हे फक्त ढब्बूला ठाऊक होतं. काडीची आई सहाच्या शिफ्टला बाहेर पडायची आणि जाताना पोरीच्या हातावर पैसे ठेवायची. आईचा बिचारीचा दोष नव्हता, तिला दोनच हात. सकाळी काडीच्या पोटात काहीच नसे. मधल्या सुट्टीत वेफर्सचं पाकीट आणि रंगीत थंड पेय. कधीकधी संध्याकाळीही तेच.

आणि ढब्बू? पहाटे बापाबरोबर भाजीचे क्रेट उचलायची, मग दोन उकडलेली अंडी खाऊन शाळेत यायची. डब्यात भाजी, डाळ आणि गिऱ्हाइकं नाकं मुरडतात ती वाकडी गाजरं. गोळाफेकीत शाळेत तिच्या जवळपास कुणी नव्हतं. पण हे तक्त्यावर कुठे लिहिणार?

तरी तो तक्ता तिला लागला. पहिल्या दिवशी पाच फेऱ्या मारून आली आणि डबा न उघडताच काडीपुढे सरकवला.

"तू खा. मला नको."

"आणि तू?"

"मी लाल आहे ना."

असं चार दिवस चाललं. सकाळची अंडीही ती कागदात गुंडाळून काडीसाठी आणायला लागली. काडी आधी लाजत खायची, मग पोटभर खायला लागली. बापाला वाटायचं, डबा रिकामा येतोय, म्हणजे सगळं ठीक. पाचव्या दिवशी पहाटे बटाट्याचा क्रेट उचलताना ढब्बूच्या हातातून निसटला आणि खाली आपटला.

बापाने बटाटे गोळा केले नाहीत. आधी तिला क्रेटवरच बसवलं.

"किती दिवस झाले?"

"कशाचे?"

"मला भाजीतली कीड दिसते. पोरगी उपाशी आहे ते दिसणार नाही? उशिरा दिसलं, तेवढा मी गाढव."

तिने सगळं सांगितलं. टिकल्या, फेऱ्या, चवळीची शेंग. बापाने एक केळं सोलून तिच्या हातात दिलं. "खा आधी. आणि त्या काडीला आपल्या घरून वेगळा डबा. तुझ्यातला नाही."

पण शनिवार-रविवार मध्ये आला. काडी पुन्हा वेफर्सवर. सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या रांगेत ती उभ्याउभ्या खाली कोसळली. शाळेतल्या नर्सने तिच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. आतून पांढऱ्याफटक. "अंगात रक्तच नाही हिच्या," नर्स म्हणाली. तिला घरी पाठवलं.

आणि त्याच दिवशी तिसऱ्या तासाला सर वजनकाटा घेऊन वर्गात आले. जणू काही घडलंच नव्हतं.

"ढब्बू, तू आधी. बघू, आठवड्यात काय उजेड पाडलास."

ढब्बू उठली, काट्यापाशी गेली आणि थांबली.

"मी काट्यावर चढणार नाही."

"काय म्हणालीस?"

"चढणार नाही, सर. हिरवी टिकलीवाली सकाळी पडली, लालवाली उभी आहे. तुम्ही एकदा तरी विचारलंत का, कोण काय खातं? तिने सकाळपासून काय खाल्लं होतं, माहीत आहे? काही नाही! तिला तुम्ही शाबासकी दिलीत. आणि तुमची शाबासकी मिळावी म्हणून मी चार दिवस उपाशी राहिले. आता नाही राहणार."

"उद्धट! चल मोठ्या बाईंकडे."

"चला," ती म्हणाली आणि त्यांच्या पुढे चालायला लागली.

मुख्याध्यापिका बाईंनी बापाला बोलावून घेतलं. तो हातगाडी शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून आला, हातांना ओल्या कोथिंबिरीचा वास. बाई म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण शिस्त म्हणजे शिस्त. लेखी माफी द्या, विषय संपवू.

बापाने पोरीकडे बघितलं. "देतेस?"

"देते."

तिने तिथेच कागद मागितला आणि लिहिलं: 'मी वर्गात आवाज चढवला, त्याबद्दल माफ करा. जे बोलले ते खरं आहे, त्याची माफी मागत नाही.' खाली सही.

सरांचा चेहरा पडला. बाईंनी कागद दोनदा वाचला. "हे चालणार नाही," त्या म्हणाल्या.

"मग बाई, दुसरं नाही," बाप नरमाईने म्हणाला. "भाजी असती तर भाव कमी केला असता."

शिक्षा झालीच. एक सत्र खेळातून बाहेर. गोळाफेकीची स्पर्धा महिन्यावर आली होती, तिथे दुसरीच मुलगी गेली आणि हरून आली. ढब्बू त्या रात्री खूप रडली, पण माफीचा दुसरा कागद काही लिहिला नाही.

तक्ता मात्र टिकला नाही. प्रार्थनेत कोसळली त्याच्या दुसऱ्याच दिवशी काडी शाळेत आली ती आईला घेऊन. आईने सुट्टी टाकली होती. ती माउली भिंतीसमोर उभी राहिली, लेकीच्या नावापुढची हिरवी टिकली बघत. "हे कुणी लावलं?" तिने मोठ्याने विचारलं. मग तिने टाचण्या एकेक करून काढल्या, तक्त्याची नीट घडी केली आणि बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. बाईंनी तो परत लावला नाही.

पुढच्या महिन्यात नर्स वर्गात आली, दार लावलं आणि एकेकाला बाजूला बोलावून हळू आवाजात विचारत गेली, सकाळी काय खाल्लंस, दुपारी काय, घरी कोण असतं. ढब्बूची पाळी आली तेव्हा तिने इतकं सांगितलं की नर्सला कागदाची मागची बाजूही वापरावी लागली.